तिसऱ्या दिवसाचा नैवेद्य

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेसातच्या आरतीला, मी केलेला नैवेद्य देवापुढे ठेवला गेला नाही. त्या जागी दुसऱ्या घरात केलेले एकवीस मोदक केळीच्या पानाखाली झाकून ठेवले गेले. माझे एकवीस मोदक वॉचमनच्या खोलीत गेले. आरतीनंतर नऊ जणांनी मला सांगितलं की मोदक सुंदर झाले होते.

हे हैदराबादला, कुकटपल्लीतल्या एका इमारतीत घडलं. नव्वदचं दशक संपायला दोन वर्षं होती.

नऊ हा आकडा मी नंतर जमवला. त्या वेळी मोजत नव्हते. त्या वेळी मी खूश होते.

माझा जन्म अंबरपेठचा. आजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातून रेल्वेच्या कामावर आले आणि इथलेच झाले. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाकी देव नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली होती. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या, आम्हालाही करायला लावल्या. त्यांतली एक गौरी-गणपतीला देव न मानण्याची, त्यांची पूजा न करण्याची. गल्लीत मोठा मांडव पडायचा. आम्ही भावंडं खिडकीतून बघायचो. प्रसादाला हात पुढे करायचा नाही, एवढाच नियम. वडील त्यावर भाषण द्यायचे नाहीत. त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला, असं म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत. सन दोन हजार उजाडलं की जगभरातले संगणक तारखा चुकवतील, म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम तेव्हा जोरात होतं. कंपनी माणसांच्या तुकड्या अमेरिकेला पाठवत होती. कोण जाणार, याची यादी नवऱ्याचा प्रोजेक्ट मॅनेजर ठरवायचा. तो पुण्याचा. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा. इमारतीत मराठी घरं अकरा. त्यांचं गणेशोत्सव मंडळ होतं आणि त्याचा अध्यक्षही तोच. नवरा त्याला सर म्हणायचा, म्हणून मीही सर म्हणायचे.

श्रावणात सर आणि दोघं-तिघं आमच्याकडे आले. ते येणार हे नवऱ्याने सकाळी सांगितलं होतं. मी हॉलमधली बुद्धाची तसबीर काढून झोपायच्या खोलीत कपाटावर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. स्टुलावर चढले, काढली, खिळ्यावर कॅलेंडर लावलं.

सरांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथं जातपात काही नाही हं वहिनी. कंपनीत नाही, बिल्डिंगमध्ये नाही. मेरिट, बस." आम्ही जातीचा विषय काढला नव्हता. आमचं आडनाव त्यांना नवऱ्याच्या नेमणुकीपासून माहीत होतं.

दहा दिवसांच्या नैवेद्याची पाळी घरोघर वाटली होती. तिसरा दिवस माझा. शिवाय मंडळाचं इतिवृत्त मी लिहायचं ठरलं, कारण मी पेपरवाली, आणि बाकीच्यांच्या घरात देवनागरीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की मुलांनाच काय, आयांनाही घाम फुटायचा. बोलता बोलता माझ्या तोंडून हैदराबादी 'नक्को' गेलं. सर हसले. "तुमची मराठी गोड आहे. जरा निजामी, पण गोड." सगळे हसले. मीही हसले.

उकडीचे मोदक मला येत नव्हते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी शिकवले. बेगम बाजारातून सुवासिक तांदूळ आणला, धुऊन वाळवला, दळून आणला. काकूंनी उकड कशी काढायची, पारीला कळ्या कशा पाडायच्या ते दाखवलं. दाखवलं ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. हातवारे करून. आत या म्हटलं तर म्हणाल्या, गुडघे दुखतात. आत येण्याचा आणि गुडघ्यांचा संबंध मी लावला नाही.

मंडळाची पद्धत अशी होती. ज्याची पाळी त्याने नैवेद्य आरतीआधी अर्धा तास सरांच्या घरी पोचवायचा. तिथे तो चांदीच्या ताटात मांडला जायचा, वर केळीचं पान, आणि सरांची बायको सोवळ्याने ते ताट खाली पार्किंगमधल्या मांडवात न्यायची. नैवेद्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून झाकायचा. झाकलेला नैवेद्य देव बघतो, माणसं बघत नाहीत.

मी सात वाजता स्टीलचा डबा सरांच्या दारात दिला. साडेसातला ताट आलं. आरती झाली. प्रसादाचा अर्धा मोदक माझ्या हातावर पडला. त्यात जायफळ होतं.

मी जायफळ घातलं नव्हतं.

हे मला तिथेच कळलं. जिभेवरून घशाखाली उतरेपर्यंत कळलं. आणि मी ती बातमी दाबली. वाटलं, प्रसादावर कुणी पूड भुरभुरली असेल. लोक येऊन छान झालेत म्हणत होते, मी थँक्यू म्हणत होते. एक माणूस काही बोलला नाही. सरांची आई. खुर्चीवर बसून होत्या, हातात मोदक होता, खात होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादम्मा आली. यादम्मा वॉचमनची बायको, माझ्याकडे आणि आणखी चार घरी भांडी घासायची. तिने माझा डबा घासून पुसून आणला होता. डबा तिच्या रोजच्या हातातला, तिने ओळखला. सरांच्या घरी परत द्यायला सांगितलं होतं. जिचा तिलाच देऊ म्हणून ती सरळ माझ्याकडे आली. ओट्यावर ठेवत म्हणाली,

"कुडुमुलु बागुन्नायि, अम्मा."

मोदकांना तेलुगूत कुडुमुलु म्हणतात. चांगले होते म्हणाली. मी विचारलं, तुला कुणी दिले. सगळं तेलुगूत बोलणं झालं. तिने सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सव्वासातला बोलावून डबा दिला, जास्तीचे आहेत म्हणाल्या, हाताने खूण केली की खाऊन टाका. मी विचारलं, किती होते. पोरांनी मोजले होते. एकवीस.

पुण्याहून आलेल्या त्या घराला हैदराबादेत तीन वर्षं झाली होती. यादम्माशी ते खुणांनी बोलायचे. तिच्या आणि माझ्या भाषेच्या मध्ये उघडं दार आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. सगळी योजना नीट होती. तेवढी एक चूक राहिली.

हे ऐकत असताना मी यादम्माला चहा दिला. तिच्या कपात. तिचा कप वेगळा होता, कडेला टवका गेलेला, खिडकीत ठेवलेला. त्याबद्दल पुढे.

डेस्कवर आमचा नियम होता: एका तोंडाची बातमी ही बातमी नाही, दुसरं तोंड शोधा. मी समोरच्या काकूंची बेल वाजवली. विचारलं, काल पानाखाली तुमचे मोदक होते का.

काकू म्हणाल्या, "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझेही छानच झाले होते."

"तुम्ही खाल्ले?"

काकूंनी पदर सारखा केला. मग सांगितलं. त्यांना आदल्या आठवड्यातच निरोप होता. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडेही एकवीस करून ठेवा, बोलू नका. माझ्या दारात उभ्या राहून कळ्या शिकवल्या तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, मला सांगवत नव्हतं. हे खरं असावं. जायफळ त्या घालतात, तेही विचारून घेतलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. सुटलेलीच होती. मग म्हणाला, "गणपती दहा दिवसांचा आहे. व्हिसा जन्माचा. जाऊ दे." मी त्याच्यावर चिडले नाही. परभणीजवळच्या वस्तीतून तो इंजिनिअर झाला, तो असे किती डबे गिळून झाला, हे मला माहीत होतं. पहिली यादी महिनाअखेर लागणार होती आणि त्याचं नाव पक्कं आहे असं सरांनी दोनदा सांगितलं होतं.

मी गप्प बसायचं ठरवलं.

पाचव्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब आरतीला आले. सरांनी माईक घेतला. आमचं मंडळ कसं वेगळं आहे ते सांगितलं. इथे नैवेद्य प्रत्येक घरातून येतो, जात विचारली जात नाही, परवा तिसऱ्या दिवशी तर, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. "वहिनी, जरा उभ्या राहा." मी उभी राहिले. "असे मोदक पुण्यातसुद्धा मिळत नाहीत." टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

मी उभी होते. सगळं माहीत असताना उभी होते. टाळ्या थांबल्या तरी बसायचं सुचलं नाही. शेजारच्या पोरीने साडी ओढली तेव्हा बसले. अपमान म्हटलं की आजही मला डबा आठवत नाही. हे उभं राहणं आठवतं.

त्या टाळ्यांनंतर माझं गप्प बसणं संपलं.

विसर्जनानंतरच्या रविवारी सरांच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक होती. अकराही घरची माणसं. रिवाज असा की इतिवृत्त वाचायचं, मंजूर करायचं, खाली लेखक आणि अध्यक्ष यांच्या सह्या. मी उभी राहून वाचलं. मूर्ती, वर्गणी, मुलांच्या स्पर्धा. मग पुढचं.

"तिसरा दिवस. पाळीप्रमाणे आलेला नैवेद्य देवापुढे ठेवण्यात आला नाही. तो वॉचमनच्या घरी देण्यात आला. त्याऐवजी आधीच सांगून दुसऱ्या घरी करवून घेतलेला नैवेद्य ठेवण्यात आला. पाळीच्या घरास हे कळवण्यात आले नाही. पाचव्या दिवशी अध्यक्षांनी पाहुण्यांसमोर त्याच घरच्या नैवेद्याची स्तुती केली."

पंखा चालू होता. कुणीतरी बिस्कीट चावायचं मध्येच थांबवलं.

सर हसले. "वहिनी, हे इतिवृत्त आहे, तुमचा पेपर नाही." दोघंजण हसले. मग सर समजावणीच्या सुरात आले. घाईत ताटांची अदलाबदल झाली असेल. गैरसमज आहे. 'नैवेद्य उत्साहात अर्पण झाला' एवढं लिहू.

आतल्या खोलीच्या दारात सरांची आई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अदलाबदल कसली? मी नको म्हटलं होतं. तिच्या हातचं देवाला चालणार नाही म्हटलं होतं. तिला तोंडावर सांग म्हटलं, तर तूच म्हणालास, बोभाटा होईल."

"आई, तू आत जा."

"जाते. पण ती लिहिते ते खरंय."

त्या आत गेल्या. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग शांत. त्यांनी चष्मा काढून पुसला. हुशार माणूस. त्यांच्याकडे एक पत्ता होता, तो त्यांनी टाकला.

"ठीक आहे. मग एक विचारतो. तुम्ही बौद्ध ना? तुमच्या प्रतिज्ञेत गणपतीला मानायचं नाही असं आहे. मी वाचलंय. मग तुम्ही मोदक कुणासाठी केलेत? तुमचा देव नाही, तुमची श्रद्धा नाही, आणि नैवेद्य पोचला नाही म्हणून तक्रार. याला काय म्हणतात? दांभिकपणा म्हणतात."

हॉलमध्ये सुटका झाल्यासारखा आवाज झाला. माना हलल्या. नवरा खाली बघत होता.

मी या शब्दावर रोज काम करायचे. आमचे वृत्तसंपादक 'दांभिक', 'ढोंगी' हे शब्द बातमीत दिसले की लाल रेघ मारायचे. म्हणायचे, काय केलं ते लिही, विशेषण वाचक लावेल. पण डेस्कवर रोज खोडता खोडता शब्दाचं माप कळतं. माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं, एवढ्याने तो दांभिक होत नाही. मुलाला विडी ओढू नको सांगणारा बाप स्वतः ओढतो. तो दुबळा आहे, व्यसनी आहे, त्याचा सल्ला खोटा नाही. काल एक बोलला, आज दुसरं बोलतो, तोही नाही. मत बदलता येतं. घाबरून खरं लपवणारा भित्रा असतो. दंभ तेव्हा, जेव्हा आपल्याकडे जे नाही ते असल्याचं दाखवायचं, नाही हे पक्कं माहीत असताना दाखवायचं, आणि त्या दाखवण्यावर काहीतरी कमवायचं.

सरांच्या आई यात बसत नाहीत. त्या विटाळ मानायच्या आणि मानते म्हणायच्या. एकाही शब्दाने त्यांनी माझे मोदक छान म्हटले नाहीत. म्हणून त्या बऱ्या ठरत नाहीत. प्रामाणिक विटाळ हाही विटाळच. त्यांनी जे केलं त्याला वेगळं नाव आहे, राज्यघटनेत आहे, आणि ते दांभिकपणापेक्षा जुनं आहे. त्या खरं बोलल्या याचे मी आभार मानले नाहीत. आजही मानत नाही.

सर यात बसतात. आईच्या सोवळ्यामुळे नव्हे. माईकमुळे बसतात. जे झालं नाही ते झालं म्हणून दाखवलं, मला उभं करून दाखवलं, आणि मोठ्या साहेबांच्या नजरेत वर गेले.

आणि मी?

या सगळ्याचा विचार मी त्या हॉलमध्ये एका मिनिटात केला असं नाही. तिथे एवढंच डोक्यात आलं की स्टुलावर चढून खिळ्यावरून तसबीर मी काढली होती. वडिलांचा फोन आला तेव्हा ड्यूटी आहे, या आठवड्यात येऊ नका, असं मीच सांगितलं होतं. ड्यूटी नव्हती, मोदक होते. श्रद्धा नव्हती. सरांची मर्जी हवी होती, यादीतलं नाव हवं होतं, आणि त्याहून जास्त, 'आपल्यातली' म्हणवून घ्यायचं होतं. भीती होती हे खरं. पण सगळी भीती नव्हती.

मी पेन उघडलं. म्हटलं, "बरोबर आहे. हेही लिहिते."

उभ्या उभ्या लिहिलं आणि वाचून दाखवलं. "अध्यक्षांनी आक्षेप घेतला की नैवेद्य करणारे घर बौद्ध असून त्याची गणपतीवर श्रद्धा नाही, नैवेद्य करणे हा दांभिकपणा होता. लेखिकेला हा आक्षेप मान्य आहे. यापुढे या घरातून नैवेद्य दिला जाणार नाही, घेतला जाणार नाही. तिसऱ्या दिवसाविषयीची वरील नोंद कायम आहे."

सर म्हणाले, "अहो, पण मग तुम्हीच मान्य करताय की..."

"मी माझं मान्य केलं. तुम्ही तुमचं करा. जागा सोडली आहे."

दोन ओळींची जागा सोडली होती. त्यांनी पेन घेतलं नाही. माझ्यावरचा आरोप खरा निघाला म्हणून त्यांच्यावरचा खोटा होत नाही, हे त्यांच्यासारख्या माणसाला समजत नव्हतं असं नाही. आयुष्यभर ते याच हिशेबावर चालत आले होते: समोरच्याचा डाग दाखवा, आपला झाकला जातो. समोरच्याने डाग स्वतःच दाखवला तर पुढे काय, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी पूर्ण नावाने सही केली. सरांनी केली नाही. बैठक संपली. चहा झाला असावा, आम्ही थांबलो नाही.

घरी येऊन नवऱ्याने कॅलेंडर काढलं आणि तसबीर लावली. जरा वाकडी लागली. "एकदा मला विचारायचंस," एवढं म्हणाला. मी म्हटलं, विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. तो म्हणाला, हो.

एक गोष्ट त्या इतिवृत्तात नाही, कारण ती कुणालाच माहीत नव्हती. ती इथे लिहिते. यादम्माचा वेगळा कप. मी समतेवरच्या अग्रलेखाचं भाषांतर करून घरी यायचे आणि टवक्याच्या कपात तिला चहा ओतायचे. कुणाला त्यात खटकलं नव्हतं, मलाही नाही, तिलाही नाही. खटकलं नव्हतं, म्हणून तिथे दांभिक हा शब्द बसत नाही. सोमवारपासून, सगळं माहीत असताना तो कप वापरला असता, तर बसला असता. सोमवारी मी आमच्या कपांतला एक तिला दिला. आमचे कप लहान होते. तिने आत बघितलं आणि तेलुगूत विचारलं, "आज दूध कमी आलं का, अम्मा?"

महिनाअखेर यादी लागली. सात नावं होती. नवऱ्याचं नव्हतं. कारण लिहिलेलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं गेलं नाही.

चार दिवसांनी मंडळाचा चिटणीस इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन दारात आला. चांगला पोरगा, नजर वर करत नव्हता. सरांनी सांगितलंय, तेवढं एक पान पुन्हा लिहून द्या, म्हणजे सही करता येईल. मग जाता जाता सांगितल्यासारखं म्हणाला, दुसरी यादी दिवाळीनंतर आहे, सर म्हणाले तुम्हाला आठवण करून द्यायला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण. त्याने मान हलवली. नाही, अशी.

मी रजिस्टर उघडलं, नोंद पुन्हा एकदा वाचली, त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही सापडलं नाही. बंद करून चिटणिसाच्या हातात दिलं.

दुसरी यादी दिवाळीनंतरच्या सोमवारी लागली. तिच्यात नऊ नावं होती. नवऱ्याचं नव्हतं.